पायावरील शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय हयगयीचे दावे

मराठीत 'पाय' हा शब्द कमरेखालच्या सांध्यापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या सबंध अवयवास लावला जातो. त्यात मांडीचे हाड येते, नडगी येते, घोटा येतो आणि सव्वीस हाडांनी घडलेले पाऊलही येते. शरीराचा सारा भार वाहणारा हा अवयव असल्यामुळे त्यावरील उपचारांत काही उणे राहिल्यास ते झाकून राहत नाही. पोटातील शस्त्रक्रियेची खूण कपड्याआड राहते. परंतु लंगडणारा पाय गावभर दिसतो. शेतात राबणारा कूळ, होडी किनाऱ्यावर ओढणारा खारवी, दिवसभर उभा राहणारा एस. टी.चा वाहक किंवा कापडाच्या दुकानातील गुमास्ता यांचा पाय अधू झाला की त्यांचा रोजगारही अधू होतो. पायावरील शस्त्रक्रियेबाबत नुकसानभरपाईचे दावे का उभे राहतात, याचे उत्तर बहुतांशी या वस्तुस्थितीत आहे.

तथापि उपचार फसला म्हणजे डॉक्टरने हयगय केली, असा निष्कर्ष कायदा काढीत नाही. त्याचप्रमाणे डॉक्टरची पदवी मोठी आहे म्हणून तो उत्तरदायित्वातून मुक्त होतो, असेही कायदा मानीत नाही. या दोन टोकांच्या मधली रेषा न्यायालये कोठे आखतात, हे रुग्ण व डॉक्टर या दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे. ही रेषा आखणारा भारतातील एक मूलभूत निर्णय कोकणच्या किनाऱ्यावर घडलेल्या एका अपघातातून निर्माण झाला, हे मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

पालशेतचा अपघात

दिनांक ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील वाळूच्या किनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणास अपघात झाला व त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. राहते घर किनाऱ्यापासून दीड मैल दूर होते. खाट आणवून त्यास घरी नेण्यातच बराच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी सायंकाळी येऊन पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाची प्रकृती बरी असल्याचे पाहूनही त्यास पुण्यास हलविण्याचा सल्ला दिला. दिनांक ८ रोजी फळ्यांच्या जागी योग्य बंधपट्ट्या बसविण्यात आल्या. त्यानंतर मध्यरात्री एकच्या सुमारास मोटारीत आडवे निजवून त्यास पुण्याकडे नेण्यात आले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून दिनांक ९ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मंडळी पुण्यास पोहोचली. मुलाची आई व गावचे डॉक्टर त्याच्यासमवेत होते. वडील स्वतः वैद्यकीय व्यावसायिक असून दौंड येथून ते पुण्यास येऊन मिळाले.

प्रथम एका रुग्णालयात क्ष-किरणांखाली पाय पाहण्यात आला. हाडाचे तुकडे एकमेकांवर चढले असून त्यास खिळ्याच्या साहाय्याने ताण देण्याची आवश्यकता आहे, असे तेथे आढळले. तेथून मुलास एका खाजगी शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात नेण्यात आले व दुपारी सव्वादोन वाजता दाखल करून घेण्यात आले. शल्यचिकित्सकाने एका तासाच्या अंतराने मॉर्फियाची दोन इंजेक्शने देण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात एकच दिले गेले. क्ष-किरण छायाचित्रे घेतल्यावर मुलास शस्त्रक्रियागृहात नेण्यात आले. तेथे तो तासाहून काही अधिक काळ होता. साडेपाचच्या सुमारास पाय प्लास्टरमध्ये बसवून त्यास खोलीत आणण्यात आले. सात वाजेपर्यंत औषधाची गुंगी उतरेल असे आश्वासन मिळाल्यामुळे वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास मुलास श्वास घेणे जड जात असल्याचे आईच्या ध्यानात आले. तातडीचे उपचार सुरू झाले. परंतु रात्री नऊ वाजता मुलाचा मृत्यू झाला.

रक्तप्रवाहात चरबीचे कण अडकल्यामुळे मृत्यू झाला, असे प्रमाणपत्र शल्यचिकित्सकाने दिले. आईवडिलांना हे कारण मान्य नव्हते. रीतसर भूल न देता, तीन सेवकांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला व त्या आघाताने मुलगा दगावला, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दिवशी केवळ पाय स्थिर करण्याचे प्राथमिक काम केले, हाड बसविण्याचे काम पुढे ढकलले होते, असा शल्यचिकित्सकाचा बचाव होता. त्यामुळे सबंध दाव्याचा भार एकाच प्रश्नावर येऊन ठेपला: शस्त्रक्रियागृहातील त्या तासाभरात नेमके काय घडले?

दिवाणी न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निर्णय देऊन तीन हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शेवटी दिनांक २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही शल्यचिकित्सकाचे अपील फेटाळले. भूल देण्याची प्राथमिक दक्षता न घेता हाड बसविण्याचा प्रयत्न करण्यात आला व त्यातून उद्भवलेल्या आघातानेच मृत्यू ओढवला, हा निष्कर्ष कायम झाला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने हा निर्णय विधिग्रंथांत उल्लेखिला जातो. अपघातापासून अंतिम निकालापर्यंत पंधरा वर्षे लोटली. मिळालेली रक्कम पाहता हा खटाटोप पैशासाठी नव्हता, हे उघड आहे. आपल्या मुलाचे काय झाले, याचे खरे उत्तर एका न्यायपीठाने नोंदवून ठेवावे, एवढीच त्यामागची निकड असावी.

डॉक्टरची तीन कर्तव्ये

न्यायमूर्ती शेलत यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात डॉक्टरची रुग्णाप्रत असलेली कर्तव्ये तीन पायऱ्यांत मांडली आहेत. पहिले कर्तव्य म्हणजे रुग्ण हाती घ्यावा किंवा नाही, हे ठरविताना काळजी घेणे. दुसरे म्हणजे कोणता उपचार द्यावा, हे ठरविताना काळजी घेणे. तिसरे म्हणजे ठरविलेला उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. यांपैकी कोणत्याही पायरीवर वाजवी काळजी घेण्यात कसूर झाली व त्यामुळे रुग्णाची हानी झाली, तर रुग्णास दाद मागता येते.

ही काळजी किती असावी? अत्युच्च कौशल्याची अपेक्षा कायदा करीत नाही, तसेच अगदी किमान कौशल्यावरही भागवीत नाही. त्या शाखेतील सामान्य कुवतीचा, आपले काम जाणणारा व्यावसायिक जेवढी दक्षता घेईल, तेवढी पुरे होते. उपचारांच्या निवडीत डॉक्टरला स्वेच्छानिर्णयाचा अधिकार असतो व आणीबाणीच्या प्रसंगी तो अधिक व्यापक असतो, हेही याच निकालात मान्य केले आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलम प्रकरणात हाच निकष निराळ्या शब्दांत सांगण्यात आला होता. जबाबदार तज्ज्ञांच्या एका गटास मान्य असलेली पद्धत डॉक्टरने अवलंबिली असेल, तर दुसऱ्या गटास ती पसंत नाही एवढ्यावरून ती हयगय ठरत नाही.

पायाच्या उपचारांतील एक उदाहरण घेतल्यास हा निकष स्पष्ट होईल. मधुमेही रुग्णाच्या बोटाला काळी जखम झाली असता एक तज्ज्ञ केवळ बोट काढण्याचा सल्ला देईल, दुसरा घोट्याच्या वर शस्त्रक्रिया करण्यास सांगेल. पायातील रक्तप्रवाह तपासून, जंतुसंसर्ग कोठवर गेला आहे हे पाहून यांपैकी कोणताही निर्णय घेतला असेल, तर तो पुढे अपुरा ठरला तरी हयगय म्हणता येणार नाही. तो निर्णयातील प्रमाद होय. परंतु पावलावरील नाडीसुद्धा न तपासता, रक्तातील साखर न पाहता शस्त्रक्रिया उरकली व जखम भरलीच नाही, तर येथे प्रश्न मतभेदाचा उरत नाही. तो काळजीच्या अभावाचा होतो. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणे, हाड सांधण्यास विलंब लागणे, सांध्यात ताठरपणा राहणे या गोष्टी सर्व दक्षता घेऊनही घडू शकतात. त्या घडल्या एवढ्याने दावा सिद्ध होत नाही. त्या वेळीच ओळखल्या गेल्या की नाही व ओळखल्यावर काय केले गेले, हे न्यायालय पाहते.

चुकीच्या पायावरील शस्त्रक्रिया

काही प्रकरणी मात्र तज्ज्ञांच्या मतभेदास जागाच नसते. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टॅम्पा येथे एका मधुमेही रुग्णाचा उजवा पाय काढावयाचा असता डावा पाय गुडघ्याखाली कापला गेला. शस्त्रक्रियांच्या यादीत व शस्त्रक्रियागृहातील फलकावर चुकीच्या पायाची नोंद पडली होती. चूक ध्यानात आली तेव्हा मागे फिरण्याची वेळ टळून गेली होती. विशेष म्हणजे तो दुसरा पायही रोगग्रस्तच होता, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना संशय आला नाही. भारतातही जून २०१६ मध्ये दिल्ली येथील एका रुग्णालयात उजव्या घोट्यास दुखापत झालेल्या तरुणाच्या डाव्या पायात स्क्रू बसविण्यात आल्याचे उघडकीस आले. अशा प्रसंगी 'वस्तुस्थिती स्वतःच बोलते' हे तत्त्व लागू पडते. हयगय झाली नाही, हे दाखविण्याचा भार मग प्रतिपक्षावर येतो.

डॉक्टरविरुद्धच्या प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष हवीच, असा आग्रह धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हैदराबाद येथील किशनराव प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तेथेच अशा साक्षीची गरज असते. कोणता पाय मोडला व कोणता कापला, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

असे प्रमाद टाळण्याची रीत साधी आहे. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला विचारून, ज्या पायावर काम करावयाचे त्यावर न पुसणाऱ्या शाईने खूण करणे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी व रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा थांबून नाव, बाजू व शस्त्रक्रिया यांचा मोठ्याने उच्चार करून ताळा घेणे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ पासून खूण करणे व छेदापूर्वी ताळा घेणे बंधनकारक केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली तीन टप्प्यांची एकोणीस बाबींची तपासणी सूची प्रसिद्ध केली. या सूचीस खर्च जवळजवळ नाही. वेळही काही मिनिटांचाच लागतो.

संमतिपत्र व नोंदी

शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. रोग कोणता, उपाय कोणता, त्यातील धोके कोणते, दुसरा मार्ग आहे काय, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे रुग्णास समजेल अशा भाषेत सांगितल्यानंतर मिळालेला होकार म्हणजे संमती. एका शस्त्रक्रियेस दिलेली संमती दुसरीस पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सांगितले. जीव वाचविण्यासाठी तातडीने करावी लागणारी कृती एवढाच यास अपवाद आहे. बोट काढण्यास संमती दिलेल्या रुग्णाचे पाऊल काढावयाचे झाल्यास, प्रकृती तग धरीत असेल तर त्यास पुन्हा विचारणे प्राप्त आहे. सीमाभागातील रुग्णालयांत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. बेळगावचा मराठी रुग्ण कानडी वा इंग्रजी छापील कागदावर सही करतो, तेव्हा त्यास मजकूर कोणी व कोणत्या भाषेत समजावून दिला, याची नोंद त्याच कागदावर असणे इष्ट होय.

नोंदींचे महत्त्व याहूनही अधिक आहे. पालशेतच्या दाव्यात एका तासात काय घडले यावर पंधरा वर्षे वाद चालला, हे विसरता येत नाही. भूल कोणी दिली, कोणती दिली, नाडी व रक्तदाब किती होता, पाय बसविताना कोणती कृती केली, हे त्याच वेळी लिहिलेले असेल, तर प्रामाणिक डॉक्टरला त्यासारखे दुसरे संरक्षण नाही. मागाहून लिहिलेली किंवा खाडाखोड केलेली नोंद मात्र नसलेल्या नोंदीहून घातक ठरते. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवले पाहिजेत. आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ते बहात्तर तासांच्या आत दिले पाहिजेत.

प्लास्टर घातल्यानंतरची दक्षता

तिसरे कर्तव्य शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपत नाही. मोडलेल्या पायास सूज येते. घट्ट प्लास्टरच्या आत किंवा स्नायूंच्या आवरणातच दाब वाढला, तर रक्तपुरवठा कमी होऊन काही तासांत स्नायू कायमचे निकामी होतात. दुखापतीच्या मानाने फार अधिक व औषधाने न थांबणारी वेदना, बोटे हलविताच वाढणारी कळ, बोटांना मुंग्या येणे वा बधिरता, बोटे फिकट व गार पडणे, ही त्याची लक्षणे होत. नाडी लागत असली तरी धोका टळला असे समजू नये. 'प्लास्टर नवीन आहे, दुखणारच' असे सांगून रात्र काढणे हे येथे अत्यंत धोक्याचे असते. अशा वेळी प्लास्टर चिरून सैल करणे व गरज पडल्यास आवरणास छेद देणे हाच उपाय असतो. पालशेतच्या मुलाचा श्वास जड झाल्याचे प्रथम आईच्या ध्यानात आले, ही गोष्ट प्रत्येक परिचारिकेने व प्रत्येक नातलगाने मनात ठेवावी. नातलगाची तक्रार ही नेहमी घाबरटपणाची नसते.

रुग्णाचीही काही कर्तव्ये आहेत. मनाई असताना पायावर भार देणे, मधुमेहाची औषधे सोडणे, सांगितलेल्या दिवशी तपासणीस न येणे, प्लास्टर घरीच कापणे अशा गोष्टी दाव्यात रुग्णाविरुद्ध जातात आणि त्यामुळे भरपाई कमीही होऊ शकते.

दाद कोठे मागावी

दाद मागण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत. पहिला, दिवाणी न्यायालयातील भरपाईचा दावा; पालशेतच्या आईवडिलांनी तोच अनुसरला. दुसरा, ग्राहक आयोगाकडील तक्रार. दिनांक १३ नोव्हेंबर १९९५ च्या शांता प्रकरणातील निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात व काहींना विनामूल्य उपचार मिळतात, तेथील विनामूल्य रुग्णांसही हे संरक्षण मिळते. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, त्या संस्था मात्र या कायद्याबाहेर राहतात. २०१९ च्या नव्या कायद्याखालीही हीच स्थिती कायम आहे. दिलेला मोबदला पन्नास लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास तक्रारीचे शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

नव्या कायद्यातील एक तरतूद महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांस विशेष उपयोगी आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही आता तक्रार करता येते. बेळगाव वा गोव्यातील रुग्णाने मिरजेस किंवा पुण्यास शस्त्रक्रिया करून घेतली असेल, इंदूरच्या रुग्णाने मुंबईस घेतली असेल, तरी अधू पायाने परजिल्ह्यात खेपा घालण्याची आवश्यकता उरलेली नाही.

तिसरा मार्ग राज्य वैद्यक परिषदेचा. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा नोंदवहीतून त्याचे नाव कमी करू शकते. परंतु भरपाई देववू शकत नाही. चौथा मार्ग फौजदारी कायद्याचा असून तो अपवादानेच वापरावयाचा आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय अतिशय गंभीर स्वरूपाची असली पाहिजे. तपास अधिकाऱ्याने प्रथम स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो शासकीय सेवेतील तज्ज्ञाचे, घ्यावे व केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला अटक करू नये, असेही त्यात बजावले आहे. दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये वैद्यकीय उपचार करताना हयगयीने मृत्यू घडविल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा होऊ शकते.

शासकीय रुग्णालयांनाही जबाबदारी टळत नाही. त्या वेळच्या औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात १९६३ साली एका महिलेच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी कापड राहून तिचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी आपल्या नोकरांच्या हयगयीबद्दल राज्य शासन भरपाई देण्यास बांधील आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. ज्यांची ऐपत नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता हा लाभ मिळतो.

दावा करण्यापूर्वी सर्व कागद, क्ष-किरण छायाचित्रे, पावत्या व औषधचिठ्ठ्या तारखेनुसार लावाव्यात आणि दुसऱ्या अस्थितज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. अनेकदा या मतातूनच असे कळून येते की, जे घडले ते दुर्दैव होते, हयगय नव्हती. आणि तेवढ्या समजुतीनेही घरास दिलासा मिळतो. याउलट मत विरुद्ध गेले, तर दाव्याचा पाया तेथेच घातला जातो.

पाय पूर्ववत होईल, अशी हमी कायदा कोणासही देत नाही. रुग्ण हाती घेताना, उपचार ठरविताना व तो देताना माणसाने माणसाची वाजवी काळजी घेतली होती काय, एवढेच तो विचारतो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या रुग्णालयाच्या कागदांवर त्याच दिवशी लिहिलेली सापडतात, तेथील डॉक्टरला न्यायालयाचे भय बाळगण्याचे कारण नाही. आणि तेथील रुग्णास न्यायालयाची पायरी चढण्याची वेळही सहसा येत नाही.